अपेंडिक्स उजवीकडे, मग दुखणं आधी बेंबीपाशी का?

जुळे सोलापुरातून आलेला प्रश्न लांबलचक आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा. पुतण्या १४ वर्षांचा. रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, जेवण नको म्हणाला, एक उलटी झाली. घरच्यांनी गॅस समजून ओवा आणि काळं मीठ दिलं. आजीनं ‘बेंबी सरकली’ म्हणत तेल लावून पोट चोळलं. सकाळी दुखणं उजवीकडे खाली येऊन बसलं. दुपारी सोनोग्राफी, संध्याकाळी दुर्बिणीतून अपेंडिक्सचं ऑपरेशन. मुलगा आता बरा आहे. काकांना मात्र तीन शंका आहेत. अपेंडिक्स उजव्या बाजूला असताना दुखणं बेंबीपाशी कसं सुरू झालं, आत काही सरकलं होतं का? त्यांच्या आईच्या पित्ताशयात खडे आहेत आणि तिचा उजवा खांदा दुखतो, दोन्हींचा संबंध आहे का? आणि पुतण्याच्या सोनोग्राफीत ‘डावी किडनी जागेवर नाही, ओटीपोटात आहे’ असं लिहिलंय, त्याचं काय करायचं?

काका, तुमच्या तिन्ही शंकांमागे एकच गृहीतक आहे: अवयव जिथे आहे तिथेच तो दुखला पाहिजे, आणि प्रत्येकाचा प्रत्येक अवयव ठरल्या जागी असला पाहिजे. हाताच्या बोटाबाबत हे खरं आहे. धडातल्या अवयवांबाबत नाही, कारण ते आज जिथे दिसतात तिथे तयारच झालेले नसतात. आईच्या पोटात पहिल्या अडीच-तीन महिन्यांत त्यांतल्या बहुतेकांनी जागा बदललेली असते. जाताना कोणी आपली जुनी नस ओढत नेली, कोणी जुनी रक्तवाहिनी, तर कोणी वाटेत नवी घेतली. हे एकदा समजलं की तिन्ही शंका बऱ्याच सुटतात.

मी जनरल सर्जन आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. त्याआधी मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवलंय, त्यामुळे उत्तर थोडं मास्तरकीकडे झुकेल. तुमच्या घरच्यांना मी तपासलेलं नाही, रिपोर्टही पाहिलेले नाहीत. म्हणून उपचार काय करायचे हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी फक्त असं का होतं ते सांगते.

आधी आज काय कुठे आहे ते पटकन पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा घुमटाकार पडदा असतो. हा घुमट लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच वर चढलेला असतो. श्वास सोडल्यावर उजवीकडे तो जवळपास स्तनाग्राच्या पातळीपर्यंत जातो. त्यामुळे खालच्या बरगड्यांच्या आड छाती कमी आणि पोटच जास्त आहे. उजवीकडे सुमारे दीड किलोचं यकृत आणि त्याला खालून चिकटलेलं पित्ताशय, डावीकडे जठर आणि त्याच्या मागे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा (पाणथरी). मोटारसायकलवरून पडून डाव्या खालच्या बरगड्यांना मार लागलेला माणूस आला की आम्ही छातीच्या एक्स-रेवर थांबत नाही, पोटाची सोनोग्राफी करतो, ती प्लीहेसाठी. स्वादुपिंड आणि किडन्या पार मागे, पाठीच्या भिंतीला लागून. समोर मध्यभागी लहान आतडं, त्याच्या भोवती मोठं आतडं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजवीकडे खाली, अपेंडिक्स.

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहावर शरीररचना शिकवतात तिथे, विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट हमखास करायला लावायचे. आतड्यांवरचा चरबीचा पडदा वर उचला, लहान आतड्याचं कुठलंही एक वेटोळं बोटांत धरा आणि न सोडता पुढे पुढे सरकत राहा. एका दिशेनं गेलं की आतडं मणक्याच्या डाव्या अंगाला वर जाऊन मागच्या भिंतीत शिरतं. दुसऱ्या दिशेनं गेलं की उजव्या जांघेच्या वरच्या खोबणीत मोठ्या आतड्याला मिळतं, आणि तिथेच अपेंडिक्स लोंबत असतं. मग सगळी आतडी एका बाजूला करून मागे बघायचं. सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं एका पातळ पडद्यानं मागच्या भिंतीला टांगलेलं असतं, आणि भिंतीला चिकटलेली त्या पडद्याची मुळाची रेघ असते जेमतेम १५ सेंटिमीटर. त्या पडद्यातून एकच मोठी धमनी खाली उतरते. लहान आतडं, अपेंडिक्स, मोठ्या आतड्याचा उजवा भाग, सगळ्यांना फांद्या तिच्याच. अपेंडिक्स उजव्या कोपऱ्यात असलं तरी त्याचं रक्त मध्यावरून येतं, आणि त्याच्या नसाही त्याच धमनीच्या अंगानं मध्याकडे परत जातात. तुमच्या पहिल्या शंकेचं निम्मं उत्तर इथेच आहे.

ही मांडणी अशी का झाली, ते गर्भात बघावं लागतं. (इथले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशेबासाठी दोन मिळवा.) तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे तीन थरांची चपटी चकती असते. चौथ्या आठवड्यात ती दोन्ही बाजूंनी आणि डोक्याकडून-शेपटीकडून आत वळते. कडा जुळतात आणि सर्वांत आतल्या थराची नळी होते. पुढची सगळी पचनसंस्था या नळीतून निघते. फुप्फुसंसुद्धा तिच्याच वरच्या भागातून फुटलेल्या कोंबातून तयार होतात, म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिका आयुष्यभर शेजारी शेजारी राहतात. हृदयाची सुरुवात तर डोक्याच्याही पुढे झालेली असते. डोक्याकडची घडी पडताना ते खाली छातीच्या जागी येतं. साधारण २२व्या दिवशी त्याची धडधड सुरू होते. चौथा आठवडा संपताना हा सगळा जीव चार-पाच मिलिमीटरचा असतो.

ही नळी सुरुवातीला बरोबर मध्यरेषेत असते आणि मागच्या महाधमनीतून तिला तीन फांद्या मिळतात. वरच्या हिश्श्यातून जठर, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड तयार होतात. मधल्या हिश्श्यातून लहान आतड्याचा बहुतेक भाग, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग. उरलेलं मोठं आतडं तिसऱ्या हिश्श्यातून. पुढे कितीही वळणं पडली तरी हे तीन हिस्से आपापल्या धमनीला आणि नसांना धरून राहतात. त्यामुळे पोटाच्या आतलं दुखणंही तीन पातळ्यांवर जाणवतं: वरच्या हिश्श्याचं छातीच्या हाडाखाली, मधल्याचं बेंबीभोवती, खालच्याचं ओटीपोटात. आणि ते बहुतेक वेळा मध्यावर जाणवतं, कारण मूळ नळी मध्यावर होती आणि तिला दोन्ही अंगांनी नसा आल्या होत्या.

मधल्या हिश्श्याचा प्रवास सर्वांत मोठा. सहाव्या आठवड्यात आतडं भराभर लांब होतं आणि पोटात जागाच नसते, कारण यकृत फार वेगानं वाढत असतं. दहाव्या आठवड्यात गर्भाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा एकट्या यकृताचा असतो. मग आतडं चक्क पोटाबाहेर, नाळेच्या मुळाशी जाऊन राहतं. तिथे ते आपल्या धमनीभोवती, समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं, ९० अंश फिरतं. दहाव्या आठवड्यात पोटात परत येताना आणखी १८० अंश. एकूण २७० अंश. मोठ्या आतड्याची सुरुवात, म्हणजे अपेंडिक्सचा भाग, सर्वांत शेवटी आत येते. ती आधी उजवीकडे यकृताखाली थांबते आणि नंतर हळूहळू उजव्या खालच्या कोपऱ्यात उतरते.

गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या सोनोग्राफीत बाळाची आतडी नाळेत दिसली म्हणून घाबरलेली जोडपी माझ्याकडे येतात. डॉक्टरांच्या हिशेबानं १२ आठवडे व्हायच्या आत ती तिथे असणं स्वाभाविक आहे. त्यानंतरही राहिली तर मात्र पुढच्या तपासण्या लागतात.

हे फिरणं अर्धवट राहिलं तर ती १५ सेंटिमीटरची मुळाची रेघ अगदी आखूड होते आणि सगळं आतडं एका देठावर लोंबकळतं. ते पिळलं जाऊ शकतं. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की आम्ही सर्जन मंडळी हातातलं काम टाकून धावतो, ते याच कारणासाठी. बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये यावरची शस्त्रक्रिया सांगितली, आजही तीच त्यांच्या नावानं केली जाते. बाळ नुसतं दूध ओकतंय आणि हिरवं ओकतंय यातला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. हिरवं असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

आता पुतण्याकडे येऊ. अपेंडिक्स मधल्या हिश्श्यातलं. त्याच्या नसा छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात, आणि बेंबीच्या कातडीची संवेदनाही त्याच पातळीवर येते. दोन्ही निरोप एकाच ठिकाणी पोचतात, आणि मेंदूला आयुष्यभर कातडीकडून निरोप घ्यायची सवय. म्हणून तो म्हणतो, बेंबीपाशी दुखतंय. विद्यार्थ्यांना मी आपल्या पूर्व भागाचं उदाहरण द्यायचे. विणकामासाठी तेलंगणातून आलेली कितीतरी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पत्ता सोलापूरचा, पण घरात अचानक काही झालं की तोंडून पहिला शब्द तेलुगूच निघतो. अपेंडिक्सचं तसंच आहे. राहतं उजव्या कोपऱ्यात, बोलतं बेंबीच्या भाषेत.

मग सकाळी दुखणं खाली कसं आलं? आत काही सरकलं नाही. दुखणं सांगणारी नस बदलली. आतड्यांना स्वतःला फार बारीक जाणीव नसते. ती कापली तरी कळत नाही, ताणली, तुंबली किंवा रक्त कमी पडलं की मोघम कळ येते आणि मळमळतं. पोटाच्या भिंतीला आतून जे अस्तर असतं त्याला मात्र कातडीसारख्याच नसा असतात, आणि त्या बोट ठेवून जागा सांगतात. पहिल्या रात्री अपेंडिक्स आतून तुंबलं आणि फुगलं, म्हणून बेंबीपाशी कळ आली. सकाळपर्यंत सूज त्याच्या बाहेरच्या अंगाला आली आणि लगतच्या अस्तराला लागली. मग दुखणं खऱ्या जागी बोलायला लागलं. न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये हीच दुखरी जागा नेमकी करून सांगितली: कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेघ ओढा, हाडाकडून पहिला एक तृतीयांश संपतो तिथे.

मूल तपासताना मी आधी हात लावतच नाही. "एका बोटानं दाखव, कुठं दुखायलंय?" एवढंच विचारते. पहिल्या टप्प्यातलं मूल बोट दाखवत नाही, अख्खा तळवा बेंबीभोवती फिरवतं. दुसऱ्या टप्प्यातलं मूल नेमकं बोट ठेवतं, आणि पाय पोटाशी घेऊन निपचित पडून राहतं. खोकायला सांगितलं की उजवी बाजू धरतं. टेबलावरून उतरताना उजवा पाय जपून टेकवतं. कधी कधी दारातून चालत येतानाच कळतं, कमरेत वाकून, एक हात खाली धरून. सोनोग्राफी त्यानंतर.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर कोणी वाचून घरीच निदान करत बसायचं. बेंबीपासून उजवीकडे असा प्रवास प्रत्येकात दिसत नाही. बऱ्याच जणांचं अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असतं, त्यांना पोटापेक्षा कंबर दुखते आणि पुढून दाबलं तर फारसं कळत नाही. काहींचं खाली ओटीपोटात लोंबतं, त्यांना लघवीला जळजळ किंवा पातळ शौच होतं, आणि घरचे लघवीचा संसर्ग धरून चालतात. मोठ्या आतड्याची सुरुवात यकृताखालीच थांबलेली असेल तर अपेंडिक्सचं दुखणं पित्ताशयाच्या जागी येतं. गरोदरपणात वाढतं गर्भाशय ते वर ढकलतं. फार लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांचं तर काहीच ठरलेल्या वाटेनं जात नाही. आणि क्वचित, साधारण दहा हजारांत एकाचं, सगळंच आरशातल्यासारखं उलटं असतं: हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, अपेंडिक्स डावीकडे. डावं-उजवं ठरतं ते तिसऱ्या आठवड्यात, सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या हालचालीमुळे गर्भावरून एका दिशेनं वाहणाऱ्या द्रवावरून. अशा माणसांपैकी काहींच्या श्वासनलिकेतले तेच तंतू हलत नाहीत, त्यांना लहानपणापासून सर्दी-खोकला चिकटलेला असतो. बाकीचे धडधाकट असतात आणि कधीतरी एक्स-रे काढल्यावरच त्यांना कळतं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ती प्रत्येक आई-बापानं लक्षात ठेवावी. वृषणसुद्धा गर्भात पोटात वर, किडनीजवळ तयार होतं आणि नंतर खाली अंडकोषात उतरतं. त्याची धमनी आजही किडनीच्या पातळीवरून निघते आणि नसा बेंबीच्या पातळीच्या आसपास शिरतात. त्यामुळे क्रिकेटचा चेंडू खाली लागला की पोटात कळ येते आणि ओकारी येते. याच कारणानं, वयात येणाऱ्या मुलाचं वृषण पिळलं गेलं की तो कधी कधी फक्त "पोट दुखतंय" म्हणतो. लाजेनं पुढचं सांगत नाही. रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि हातात साधारण सहा तास असतात. म्हणून पोटदुखीच्या मुलाची चड्डी उतरवून तपासणं हा चावटपणा नाही. डॉक्टरांनी ते केलं नाही तर तुम्ही करायला सांगा.

आजींच्या बेंबीबद्दल. मी त्यांच्यावर हसणार नाही, कारण त्यांच्या बोटाला जे लागतं ते खोटं नाही. बेंबी म्हणजे नाळ पडल्यावर राहिलेला व्रण, तो सरकत नाही. पण सडपातळ माणसाच्या बेंबीच्या जरा वर, खोलवर बोट दाबलं तर धडधड लागते. ती महाधमनी. ती मध्यापासून किंचित डावीकडे असते आणि बेंबीच्या आसपासच्या पातळीवर दोन फांद्यांत फुटते. म्हणजे धडधड बरोबर बेंबीखाली लागली नाही, बाजूला लागली, तर ते नॉर्मलच आहे. ‘सरकली’ म्हणणाऱ्याला ती नेहमीच थोडी सरकलेली सापडणार. चोळल्यानं साध्या गॅसच्या मुलाला बरं वाटतही असेल. पण पोटात सूज असेल तर चोळणं वाईट, आणि एरंडेल किंवा जुलाबाचं औषध त्याहून वाईट, कारण तुंबलेल्या अपेंडिक्सवर दाब वाढतो आणि ते फुटू शकतं. बेंबीभोवतीची कळ, भूक गेलेली, आणि काही तासांनी दुखणं उजवीकडे उतरलं, असा क्रम दिसला की तेल आणि काढा बाजूला ठेवायचा.

आता आईचा खांदा. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, त्यामुळे आधी त्यांना विचारा: नेमकं कुठे? पित्ताशय वरच्या हिश्श्यातलं, त्याच्या नसा छातीच्या मधल्या मणक्यांच्या पातळीवर शिरतात. म्हणून खड्याची कळ छातीच्या हाडाखाली किंवा उजव्या बरगडीखाली येते आणि मागे उजव्या खव्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाच्या, खालच्या टोकापर्यंत जाते. पाठीत भरून आल्यासारखं वाटतं. लोक त्यालाही खांदा म्हणतात. खांद्याच्या वरच्या टोकाला, जिथे पिशवीचा पट्टा अडकवतो तिथे दुखत असेल, तर त्याचं कारण श्वासपटल. आणि श्वासपटलाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते. त्याचा पहिला आकार गर्भाच्या मानेसमोर बनतो. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या नसा त्याला तिथेच मिळतात. मग धड लांब होतं, हृदय आणि फुप्फुसं वरून जागा घेतात, श्वासपटल खाली छातीच्या तळाशी येतं, आणि नस मात्र मानेतूनच लांबत लांबत, हृदयाच्या कडेनं खाली येते. मानेच्या त्याच नसा खांद्याच्या कातडीलाही जातात. सुजलेलं पित्ताशय वर श्वासपटलाला लागलं की उजवा खांदा दुखतो. प्लीहा फाटून रक्त डाव्या बाजूला साचलं की डावा.

पुतण्याला विचारून बघा, ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखला होता का. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. उरलेला वायू श्वासपटलाखाली जमतो आणि पेशंट हमखास विचारतो, "पोटाचं ऑपरेशन केलं, खांद्याला काय केलं?" काहीही केलेलं नसतं.

पण यावरून आईचा खांदा खड्यांमुळेच दुखतोय असं मी म्हणणार नाही. पन्नाशी-साठीतल्या बाईला खडेही असतात आणि गोठलेला खांदाही (फ्रोझन शोल्डर) असतो, मधुमेह असेल तर जास्तच. फरक साध्या गोष्टीतून कळतो. हात वर करताना, वेणी घालताना, मागे ब्लाउजचं हूक लावताना दुखत असेल तर दोष सांध्यात. हात हवा तसा फिरतो, पण तेलकट जेवणानंतर तास-दोन तास कळ येऊन पाठीत जाते आणि आपोआप उतरते, तर पित्ताशयाकडे बघा. दोन्ही असतील तर ऑपरेशनआधीच आईला सांगून ठेवा की पित्ताशय काढल्यावर सांधा सुटणार नाही. ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे नंतर सर्जनशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ पाच-सहा तासांत उतरलीच नाही, तर मात्र थांबू नका.

एक इशारा इथेच, कारण वय तेच आहे. हृदयाच्या नसाही जवळपासच्याच पातळ्यांवर शिरतात. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका छातीत न जाणवता पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतो, मळमळीसकट. आपल्याकडे त्याला पित्त खवळलं म्हणतात आणि सोडा पितात. मधुमेही माणसाला तर दुखणंही नीट कळत नाही. चाळिशीपुढच्या माणसाला घाम फुटून छातीच्या हाडाखाली दाटून आलं तर आधी ईसीजी, खडे नंतर.

इथवरचं थोडक्यात: अपेंडिक्स, वृषण, श्वासपटल, तिघेही हलले आणि तिघांनीही जुन्या नसा सोडल्या नाहीत, म्हणून दुखणं जुन्या जागी. आता किडनी, आणि तिचं वागणं अगदी उलटं आहे.

किडनी बनायला सुरुवात होते ती पाचव्या आठवड्यात, खाली ओटीपोटात, माकडहाडाच्या वरच्या मणक्यांसमोर. सहाव्या ते नवव्या आठवड्यात ती वर चढते, कारण खालचं धड लांब होत जातं. चढताना ती रक्तवाहिन्या बदलत जाते. खाली असताना ओटीपोटातल्या धमनीतून रक्त घेते, वर गेली की महाधमनीच्या वरच्या भागातून नवी फांदी येते आणि जुनी विरते. काहींच्यात जुनी विरत नाही, म्हणून साधारण चारपैकी एका माणसाच्या एखाद्या किडनीला एकाहून जास्त धमन्या सापडतात. किडनी दान करणाऱ्याचा रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन आधी का काढतात, ते यावरून कळेल. उजवी किडनी बहुतेकांत डावीपेक्षा जरा खाली असते, वर मोठं यकृत बसलंय म्हणून.

हा चढ वाटेतच थांबला तर किडनी ओटीपोटात राहते. दोन-तीन हजारांत एखाद्याची असते, डावीकडे थोडी जास्त. दोन्ही किडन्यांची खालची टोकं जुळली तर घोड्याच्या नालेसारखी एकच किडनी होते, आणि ती चढताना खालच्या आतड्याच्या धमनीखाली अडकते. हे साधारण पाचशेत एकाचं. तुमच्या पुतण्याची पहिल्या प्रकारची. ती आजारी आहे किंवा खाली घसरली आहे असा याचा अर्थ नाही. ती वर गेलीच नव्हती. तिच्यावरची अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी वेगळ्या पेशींपासून वेगळ्या जागी बनते, त्यामुळे किडनी नसली तरी ती आपल्या जागेवर असते. सोनोग्राफीवाल्यानं डाव्या बाजूला ‘किडनी दिसत नाही’ म्हणून न थांबता खाली शोधली, हे त्यानं चांगलं केलं. बऱ्याचदा रिपोर्टात ‘एकच किडनी’ असं लिहून मोकळे होतात.

आता करायचं काय? बालरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा. ती किडनी सुजलेली नाही ना, दुसरी व्यवस्थित आहे ना, लघवी आणि रक्ताची साधी तपासणी ठीक आहे ना, एवढं बघून झालं तर बहुतेकांना उपचार लागत नाही. अशा किडनीची लघवी वाहून नेणारी नलिका कधी कधी वेडीवाकडी जाते, म्हणून खडा आणि संसर्ग थोडा जास्त. सोलापूरच्या उन्हात पोरगा दुपारभर मैदानावर असेल तर पाण्याची बाटली त्याच्या हातात हवीच, किडनी कुठेही असो. खड्याची कळही त्याला नेहमीच्या जागी, म्हणजे पाठीतून जांघेत अशी येईलच असं नाही. ती ओटीपोटात येईल, आणि अपेंडिक्स आता नाही हे पुढच्या डॉक्टरांना माहीत असायला हवं. बरगड्यांचं संरक्षण नसल्यामुळे कबड्डी, कुस्ती खेळायची असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘डावी किडनी ओटीपोटात’ हे ठळक लिहून घ्या, त्याची एक प्रत त्याच्या शाळेच्या फाइलला लावा. पुढे कधी पोटाचं ऑपरेशन करायची वेळ आली, तर ओटीपोटातला तो गोळा गाठ समजून कोणी सुई घालायला जाऊ नये.